‘सेट’चं एकत्र कुटुंब

कोशाच्या कचेरीत माणसाचं वजन त्याच्या वाट्याला आलेल्या शब्दावर ठरतं. ज्याला ‘सँडल’ मिळतो तो दुपारपर्यंत हातावेगळा करून खिडकीत उभा राहतो आणि त्याच्याकडे कोणी वळूनसुद्धा बघत नाही. आक्कांच्या वाट्याला ‘सेट’ आला तेव्हापासून मात्र शिपाई चहाचा पहिला कप त्यांच्याच टेबलावर ठेवू लागला. इंग्रजी-मराठी महाकोशाचा ‘एस’चा खंड चालू होता. त्या खंडातला हा सगळ्यात आडदांड शब्द, आणि हा खंड संपला की आक्का निवृत्त होणार होत्या. म्हणजे जाता जाता दारात हत्ती आणून बांधला होता.

शब्द दिसायला एवढासा. पण पोटात काय काय घेऊन बसला होता! हाड सेट करतात, अंगठीत खडा सेट करतात, परीक्षेचा पेपर सेट करतात, गजर सेट करतात, सापळा सेट करतात. सिमेंट आपलं आपण सेट होतं आणि सूर्य तर रोजच होतो. मराठीत यातल्या प्रत्येकाला वेगळं माणूस लागतं. हाड बसवायचं, पेपर काढायचा, गजर लावायचा, टेबल मांडायचं, भाव ठरवायचा, सूर्याने मावळायचं. तीन वर्षं आक्का हेच करत होत्या. इंग्रजीचा एक गडी दहा कामं करतो, आमच्याकडे कामागणिक माणूस नेमलेला आहे, असं त्या ऐटीत सांगत. कोणी जास्तच इंग्रजीचं कौतुक करू लागलं तर त्या आपला ‘लावणे’ बाहेर काढत. दिवा लावतो, झाड लावतो, कुलूप लावतो, सवय लावतो, वाट लावतो, वर पैज लावतो ती वेगळीच. समोरचा विषय बदली.

कचेरी म्हणजे लोखंडी सामानाच्या दुकानावरची एक लांबट खोली. खाली दिवसभर सळया आपटत. वर भिंतभर लाकडी खोकी, खोक्यांत एकेका अर्थाच्या चिठ्ठ्यांच्या गड्ड्या आणि प्रत्येक गड्डीला रबर. पंखा एकच्या पुढे नेला की चिठ्ठ्या उडत, म्हणून भर उन्हाळ्यातही सगळे विद्वान एकवरच घामेजत बसत. घामाच्या हिशेबाने पाहिलं तर हा कोश खाणीतून काढला असं म्हणायला हरकत नव्हती.

कोश सुरू केला तो थोरल्यांनी. ते गेले आणि मुख्य संपादकाची खुर्ची त्यांच्या जावयाकडे आली. तोंडावर सगळे त्यांना साहेब म्हणत आणि पाठ फिरली की जावईबापू. आले तेव्हा ते औषधांच्या कंपनीत विक्रीचं काम बघत होते, त्यामुळे सुरुवातीला नाकं मुरडली गेली होती. आता ती मुरडलेली नाकंही निवृत्त झाली होती आणि जावईबापूंनी तीन खंड पार पाडले होते. थोरल्यांचे नियम ते सासऱ्याच्या फोटोइतकेच जपत.

त्यातले दोन नियम बाहेरच्या माणसाला सांगितले तर खरे वाटत नाहीत. पहिला वाचनाचा. मोठी नोंद छपाईला जाण्याआधी ती लिहिणाऱ्याने सगळ्यांसमोर उभं राहून वाचायची, आणि त्या वेळी त्याच्या घरचं एक माणूस समोर बसवायचं. घरच्या माणसाला एखादं वाक्य कळलं नाही तर त्याने ‘समजलं नाही’ म्हणायचं, की वाचन तिथेच थांबलं. घरच्यांना कळत नाही ते जगाला काय कळणार, असा थोरल्यांचा सरळ हिशेब. दुसरा नियम उगमाचा. एका रूपाच्या शब्दाला दोन उगम निघाले तर नोंदी दोन करायच्या आणि दोन वेगळ्या हातांनी लिहायच्या. ‘बॅट’चं तसंच झालं होतं. वटवाघूळ एकाने लिहिलं, चेंडूफळीची बॅट दुसऱ्याने.

आक्कांच्या मनात सल होता तो या दुसऱ्या नियमाचा. ‘सेट’चं मूळ त्यांनी फार प्रेमाने लावलं होतं. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ बसायला लावणं. म्हणजे आपण बसण्यावरून बसवणं करतो तसंच त्यांनीही केलं. हाड बसवलं, खडा बसवला, झालंच तर नाटक बसवलं. शिवाय आपल्या सदनातला आणि सदस्यातला ‘सद्’ त्या इंग्रजी बसण्याचा लांबचा भाऊबंद. हे सापडलं त्या दिवशी आक्का घरी जाताना बसच्या सीटकडेसुद्धा नातेवाइकासारख्या बघत होत्या. एक मूळपुरुष आणि त्याचा हा एवढा वंशविस्तार! नोंद त्यांनी तशीच उभी केली होती.

फक्त एक पाहुणा आड येत होता. कपांचा सेट, दागिन्यांचा सेट, म्हणजे संच. हा अर्थ त्या घरातला नव्हताच. तो लॅटिनमधून फ्रेंचच्या वाटेने आला होता आणि तिकडे त्याचा मूळ अर्थ होता मागोमाग चालणाऱ्यांचा जथा. आक्कांना हे पक्कं ठाऊक होतं. पण ते ठळक लिहावं तर नोंद दुभंगणार आणि अर्धी डॉक्टरच्या हातात जाणार. म्हणून त्यांनी ते शेवटच्या ओळीत बारीक टायपात ‘काही अर्थांवर परक्या शब्दाची छाया असावी’ असं उरकलं होतं. स्थळ सांगून येतं तेव्हा मुलाच्या आधीच्या मोडलेल्या लग्नाचा उल्लेख चहा संपता संपता करतात, तसं.

डॉक्टर म्हणजे चाळिशीचा, भाषाशास्त्रातली मोठी पदवी घेतलेला गृहस्थ. खालच्या दुकानातल्या हमालाने एकदा त्याला पाठदुखीवर औषध विचारलं होतं आणि त्याने एक मलम सांगितलंही होतं. माणूस हुशार, कामाला चोख, पण त्याच्या खात्यावर अजून एकही मोठा शब्द जमा नव्हता. ‘सॉस’, ‘सेप्टिक’, ‘सॅलड’ असलंच काही त्याच्या ताटात पडत आलं होतं. त्यामुळे ‘सेट’कडे तो भुकेल्या जावयासारखा बघे.

वाचनाला आक्का दर वेळी यजमानांना आणत. यजमान दातांच्या कवळ्या बनवत. घराच्या पुढच्या खोलीत कारखाना होता आणि दारांच्या कड्यांनासुद्धा प्लास्टरची पांढरी पूड लागलेली असायची. ते आदर्श साक्षीदार होते, कारण दुसऱ्याच पानाला त्यांचा डोळा लागे आणि झोपेत माणूस ‘समजलं नाही’ म्हणत नाही. पण या खेपेला एका दवाखान्याचं काम अडलं होतं आणि ते म्हणाले, लेकीला घेऊन जा.

लेक यजमानांच्या पहिल्या संसारातली. आक्का या घरात आल्या तेव्हा ती दुसरीत होती. सगळे म्हणतात म्हणून तीही आक्काच म्हणू लागली आणि पुढे तेच राहिलं. पोरगी गुणी. आता बापाच्या कारखान्यातलं निम्मं काम तीच बघे, मेणात दात बसवण्यात तिचा हात बापापेक्षा हलका होता. तिच्याविषयी तक्रार करावी असं काही नव्हतं आणि आक्कांची तक्रार असली तर तीच होती. लहानपणापासून तिचं एक उत्तर ठरलेलं. ही भाजी करू? चालेल. हा फ्रॉक घेऊ? चालेल. या शाळेत घालू? चालेल. हट्ट नाही, रुसवा नाही, दार आपटणं नाही. पाहुणा जसा यजमानांना त्रास नको म्हणून ताटात येईल ते गोड मानून घेतो, तसं ती वीस वर्षं गोड मानून घेत आली होती. शेजारणी म्हणायच्या, नशीब काढलंत. आक्का हसून हो म्हणायच्या आणि आत कुठेतरी उणे एक मांडायच्या.

वाचनाच्या दिवशी खुर्च्या भिंतीला लागल्या. जावईबापू मध्ये, डॉक्टर खिडकीशी, बाकीचे मिळेल तिथे. लेक समोरच्या स्टुलावर हातात पिशवी धरून बसली. शिपायाने वहीत साक्षीदार म्हणून लिहायला नातं विचारलं तेव्हा ती आक्कांकडे बघून म्हणाली, “यांच्या घरची.” शिपायाने तसंच लिहिलं.

आक्का उभ्या राहिल्या. वाचायला लागल्या की त्यांचा आवाज दोन पट्ट्या वर जाई. हाड, खडा, सापळा, गजर झाले. पेपर काढण्याच्या अर्थाला उदाहरण म्हणून त्यांनी ‘पेपर सेट करणाऱ्याने तो एकदा सोडवूनही पाहावा’ असं वाक्य दिलं होतं, त्यावर खोलीत हशा झाला. सूर्य मावळला, सिमेंट घट्ट झालं, मूठभर लोकांनी एकमेकांकडे पाहून माना डोलावल्या. तीन वर्षांच्या घामाचं आता चीज होतंय असं आक्कांना वाटू लागलं. मग त्या संचावर आल्या. “संच या अर्थीही मूळ कल्पना बसवण्याचीच,” एवढं वाचून पुढच्या ओळीवर जाणार, तर समोरून आवाज आला.

“समजलं नाही.”

लेकीचाच आवाज. तिची तीच दचकली होती, पण बोललेलं तिने परत घेतलं नाही.

आक्कांनी चष्म्यावरून पाहिलं. “काय समजलं नाही?”

“आपल्या कपाटात सहा कपांचा सेट आहे. एक फुटला तर आपण म्हणतो सेट मोडला. पण पाचही कप जागच्या जागी बसलेलेच असतात की. मग मोडलं काय?”

खिडकीशी डॉक्टरची खुर्ची करकरली. त्याला उत्तर ठाऊक होतं, आणि आक्कांनाही ठाऊक होतं की त्याला ठाऊक आहे. तरी तो जागचा हलला नाही. शिकार आपल्या पायाने येतेय तर धावायचं कशाला!

आक्कांपुढे सोपी वाट होती. कप कपाटात बसवतात म्हणून सेट, असं काहीतरी ठोकून द्यायचं. लेक मान हलवेल. ती मान आक्कांना पाठ होती. ‘चालेल’ म्हणताना हलते ती. पहिल्यांदा त्यांना रागच आला. इतक्या वर्षांत पोरीने एकदा कधी अडवलं नाही आणि मुहूर्त काढला तो आज, सगळ्या कचेरीदेखत. मग त्यांनी परत तिच्याकडे पाहिलं. पिशवीचे बंद तिने घट्ट धरले होते, भुवया एकमेकींना चिकटल्या होत्या आणि उत्तर मिळेपर्यंत ती हलणार नव्हती. पाहुण्याच्या भुवया अशा नसतात. राग कुठल्या कुठे गेला आणि त्याच्या जागी जे आलं त्याला कोशात काय शब्द द्यावा हे आक्कांना सुचेना.

“बरोबर अडवलंस,” त्या म्हणाल्या. “हे वाक्य खोटं आहे.”

हातातले कागद त्यांनी टेबलावर ठेवले. आक्कांनी मग काही हातचं न राखता सांगून टाकलं. संच हा अर्थ दुसऱ्या घराण्यातला, मागोमाग चालणाऱ्या जथ्याचा. कपांमधलं बसणं महत्त्वाचं नाही, एकमेकांसोबत असणं महत्त्वाचं, म्हणून एक गेला की सेट मोडतो. हे आपल्याला माहीत होतं आणि नोंद फुटू नये म्हणून आपण ते तळाशी दडपलं, हेही त्यांनी सांगितलं.

आता डॉक्टर उठला. फार सभ्यपणे बोलला, ते मान्य करायला हवं. आक्कांच्या कामाबद्दल आदर आहे, पण थोरल्यांचा नियम स्पष्ट आहे. दोन उगम, दोन नोंदी, दोन हात. दुसरी नोंद लिहायला आपण तयार आहोत. जावईबापूंनी सासऱ्याच्या फोटोकडे पाहिलं. नियमाला बगल देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी हळूच विचारलं, “आक्का, तुमचं काय म्हणणं?”

“चहापर्यंत वेळ द्या.”

चहापर्यंत त्या आपल्या टेबलावर वाकून बसल्या. लेकीने मध्ये पाण्याचा पेला आणून ठेवला आणि परत स्टुलावर जाऊन बसली. आक्कांनी नोंदीचा मथळा खोडून नव्याने लिहिला. मग ‘सेट’च्या खोक्यातून एक गड्डी काढली, तिचं रबर सोडलं आणि कप रिकामे झाल्यावर ती डॉक्टरसमोर ठेवली.

“या सगळ्या नामाच्या चिठ्ठ्या. यांच्या दोन गड्ड्या करा. बसवण्याच्या घराण्यातली एक, जथ्याच्या घराण्यातली एक. जथ्याची जी होईल ती तुमची, मी हूं की चूं करणार नाही. फक्त प्रत्येक चिठ्ठी ठेवताना तुमची खात्री हवी.”

डॉक्टरने बाह्या सरसावल्या. सुरुवात झपाट्याने झाली. कपांचा सेट इकडे, भांड्यांचा इकडे, उच्चभ्रू मित्रमंडळींचा सेट इकडे. केसांचा सेट तिकडे. मग नाटकाचा सेट हातात आला. भिंती उभ्या करून बसवतात म्हणून तिकडे ठेवला, मग सगळं सामान मिळून एक म्हणून इकडे आणला. टेनिसचा सेट त्याने तिसरीकडेच टेबलाच्या कडेला ठेवला. व्यायामातल्या जोरांचा सेट त्याच्याशेजारी गेला. थोड्या वेळाने कडेची गड्डी दोन्हींपेक्षा जाड झाली. शेवटची चिठ्ठी होती दातांच्या सेटची. ती त्याने दोन्ही गड्ड्यांवर एकेकदा धरून पाहिली. कवळीतले दात एकेक करून बसवलेलेही असतात आणि सगळे मिळून एकही असतात. एक पडला की कवळी मोडली, आणि बसवलेला नसता तर पडला कुठून असता?

दुसरा कोणी असता तर त्याने ती कुठेतरी सरकवून दिली असती. डॉक्टर पदवीला जागला. “ही मला नाही ठेवता येत,” तो म्हणाला, आणि चिठ्ठी आक्कांच्या हातात दिली.

“बॅटमधलं वटवाघूळ कधी चेंडू मारायला गेलं नाही,” आक्का म्हणाल्या. “फळी कधी झाडाला उलटी लटकली नाही. त्यांची गाठच पडली नव्हती, म्हणून थोरल्यांनी त्यांना वेगळी बिऱ्हाडं दिली. हे दोघे शेकडो वर्षं एका घरात राहिलेत. निम्मी पोरं कोणाची हे त्यांना स्वतःलाही सांगता यायचं नाही. आता यांच्यात भिंत घालणार कुठून? स्वयंपाकघरातून?”

डॉक्टर म्हणाला, पण नियम. आवाजात मघाचा जोर नव्हता.

“नियम आहे तो कोणाचं मूळ दडपलं जाऊ नये म्हणून. दोन्ही उगम मथळ्यालाच लिहिलेत, एकाच टायपात, कोणी लहान नाही कोणी मोठं नाही. आणि साहेब, बाहेरून आलेला माणूस घरचा होऊन घर चालवतो, हे या कचेरीला काही नवीन नाही.”

सगळ्या माना मधल्या खुर्चीकडे वळल्या. मग जावईबापूच हसले, आणि ते हसले म्हणजे हसायला परवानगी मिळाली. हसणं ओसरल्यावर त्यांनी फोटोकडे न बघता सांगितलं, वाचा.

आक्कांनी नवा मथळा वाचला. “‘सेट’. या शब्दाचे दोन उगम. एक जुन्या इंग्रजीतला, बसायला लावणे. दुसरा लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला, मागोमाग चालणारे लोक. पुढे दोघांचा संसार एक झाला. ज्या अर्थाचं घराणं सांगता येतं तिथे ते सांगितलं आहे, जिथे सांगता येत नाही तिथे दोघांचंही नाव लावलं आहे.” मग सगळे अर्थ पुन्हा पहिल्यापासून, अगदी सिमेंटपर्यंत. या वेळी वाचताना त्या दर वाक्याला स्टुलाकडे बघत होत्या. लेकीने आणखी एकदा अडवलं. सापळ्याच्या वाक्यात कोण कोणाला पकडतंय ते नीट कळत नव्हतं. आक्कांनी उभ्या उभ्या ते दुरुस्त केलं.

शेवटी जावईबापूंनी साक्षीदाराला रीतसर विचारलं. ‘चालेल’ येतं की काय म्हणून आक्कांनी कागदांची कड घट्ट धरली.

“समजलं,” लेक म्हणाली. “आता सगळं समजलं.”

नोंद एकसंध मंजूर झाली, आक्कांच्या एकटीच्या हातची. वर्णानुक्रमाने पुढचा मोठा शब्द होता ‘सेटबॅक’ आणि पाळीप्रमाणे तो डॉक्टरकडे गेला. शिपायाने चहाचा पुढचा कप त्याच्या टेबलावर नेऊन ठेवला. शिपाई सही घ्यायला वही घेऊन आला तेव्हा लेकीने पेन हातात घेतलं, मघाशी लिहिलेलं नातं वाचलं आणि थांबली. “एवढं दुरुस्त करा,” ती म्हणाली. “मुलगी लिहा.”

“दुरुस्तीची कारणं लिहावी लागतात,” शिपाई म्हणाला.

“लिहा, साक्षीदाराला आधी समजलं नव्हतं.”

आक्का पिशवी भरण्यात गुंतल्या होत्या, किंवा तसं दाखवत होत्या.

जिना उतरताना लेक पुढे, त्या मागे. खाली दुकानदार सळया मोजून घेत होता. त्याने नेहमीप्रमाणे विचारलं, काय आक्का, झालं का तुमच्या शब्दाचं? एरवी आक्का हो म्हणून पुढे गेल्या असत्या. आज थांबल्या. कचेरीने एवढा मोठा शब्द पास केला हे सांगतील असं लेकीला वाटलं.

“ही माझी मुलगी,” आक्का म्हणाल्या. “हिने आज सगळ्यांदेखत मला अडवलं. दोनदा.”

दुकानदाराला यात कौतुक कशाचं ते कळलं नाही. पण समोरची बाई बक्षीस मिळाल्यासारखी उभी होती, म्हणून त्यानेही मान डोलावली. लेकीने आक्कांच्या हातातली जड पिशवी ओढून घेतली. आक्का म्हणाल्या, राहू दे, मी घेते. लेक नाही म्हणाली. दोघींची तिथेच, सळयांच्या ढिगाशेजारी, पिशवीवरून थोडी ओढाताण झाली, आणि आक्का हरल्या.